दुसऱ्या गावचं पाणी

माझ्या मामेसासऱ्यांना जन्मात कधी एखादी गोष्ट ज्यानं पटवून दिली, असा माणूस आख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडणार नाही. मी शोधून पाहिला आहे. तलाठी हरले, वकील हरले, शाळा तपासायला आलेले साहेब हरले, आणि मी तर रोजच्या रोज हरले. खरं म्हणजे हरलो असंही म्हणता येणार नाही, कारण हरायला समोरच्यानं डाव तरी मांडावा लागतो. मामाजी डाव मांडतच नसत. ओसरीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत ते सगळं शांतपणे ऐकून घेत, मधूनमधून मान हलवत, आणि आपण बोलून पार दमलो, की सुरुवातीचं आपलं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणत. मी कामाची बाई आहे. सकाळी उठले की दिवसाची कामं मनाशी ओळीनं लावते, एकेक उरकत जाते, आणि एखादं राहिलं तर मला जेवण गोड लागत नाही. मामाजी हे माझं वर्षानुवर्षं राहिलेलं काम होतं.

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच सुमारास आमच्या मास्तरांची, म्हणजे माझ्या यजमानांची, बदली त्यांच्या मामाच्या गावी झाली. दारव्ह्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं गाव. सासूबाईंना माहेर मिळालं म्हणून त्या खूश, मास्तरांना घरभाडं नाही म्हणून ते खूश. मी अमरावतीची. मला पहिल्याच आठवड्यात कळलं, की या घरात मुंबई राज्य आलेलंच नाही. मामाजी पत्रावर अजून 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असंच लिहीत. मास्तरांनी नकाशा आणून समजावलं. मामाजी म्हणाले, "मंग पत्र पोचते कसं?" पोस्टातली माणसं पत्ता समजून घेतात, म्हणून पोचतं, असं मास्तर म्हणाले. "म्हंजे पोस्टवाल्यालेही मालूम हाय का आपन कुठी हाओ ते," मामाजी म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली.

त्यांच्याकडे वडिलांचं एक खिशातलं घड्याळ होतं. दारव्ह्याच्या स्टेशनावर छोटी रेल्वे यायची ती मामाजींच्या घड्याळाप्रमाणे कायम लवकर यायची. एकदा तर ती निघूनही गेली होती. स्टेशनमास्तरांनी बिचाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. "तुमची घडी सरकारी हाय," मामाजी म्हणाले, "सरकार बदललं का ते बदलते. माही घडी बापाची हाय." मग मामा-भाचे दोघं पुढच्या गाडीची वाट पाहत दिवसभर फलाटावर बसले. मास्तर हे सगळं हसत सांगायचे. मला हसू यायचं नाही. मला वाटायचं, की या माणसाला एकदा, फक्त एकदा, "माझं चुकलं" असं म्हणताना पाहावं, आणि मग मी खुशाल म्हातारी व्हावं.

यात आणखी एक अडचण होती. आमच्याकडे सुनेनं मामेसासऱ्यांशी तोंड वर करून बोलायची रीत नव्हती. डोक्यावर पदर, तोंड चुलीकडे, आणि जे काही सांगायचं ते सासूबाईंच्या मार्फत. म्हणजे मामाजी चार हातांवर बसलेले, मी आत भाकरी थापते आहे, आणि मी सासूबाईंना म्हणते, "मामाजींना सांगा, की घड्याळाला किल्ली दिली नाही की ते मागे पडतं." सासूबाई म्हणत, "दादा, सूनबाई म्हंते किल्ली देत जा." मामाजी म्हणत, "सांग तिले, किल्ली देली का घडी पुढं पळते." राग असा तिसऱ्या माणसाच्या हातानं पाठवावा लागला, की तो वाटेतच निवतो. सासूबाई तर माझ्या रागातलं निम्मं तिखट काढूनच पुढे देत.

आता विहिरीचं सांगते, कारण सगळं मूळ तिथे आहे. गावाच्या तोंडाशी, मामाजींच्या मळ्याला लागून, त्यांच्या वडिलांनी बांधलेली पायऱ्यांची विहीर होती. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या थेट पाण्यात उतरत. भर उन्हाळ्यातही तळाचा खडा दिसावा इतकं नितळ पाणी. पूर्वी बैलांवर माल लादून फिरणारे लमाणांचे तांडे या वाटेनं जात. त्यांना गावच्या विहिरीवर दोर मागावा लागे, कोणी देई, कोणी हाकलून देई. म्हणून वडिलांनी पायऱ्या बांधल्या. दोर नको, पोहरा नको, कोणाला विचारायला नको. यायचं, उतरायचं, ओंजळीनं प्यायचं. मामाजी हे सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदलत असे, आणि तेवढ्यापुरता माझाही राग उतरे, हे कबूल केलं पाहिजे.

पण त्याच गावात दर उन्हाळ्यात, ऐन पेरणीच्या तोंडावर, घरोघरी माणसं पायाला फडकं बांधून खाटेवर पडलेली असत. नारू. ज्यांनी पाहिला नाही त्यांचं भाग्य. पायाला फोड येतो, तो फुटतो, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं काही बाहेर डोकावतं. ते ओढायचं नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काडीला गुंडाळायचं, आणि रोज थोडं थोडं, तुटू न देता, फिरवत बसायचं. तुटलं तर पाय सडतो. आमच्या सासूबाईंचा डावा गुडघा लहानपणी याच दुखण्यानं जो आखडला तो पुन्हा सरळ झालाच नाही. लोक म्हणत ती शीर आहे, अंगातली शीर बिथरून बाहेर येते. आणि ती का बिथरते, याचं उत्तर मामाजींनी गावाला देऊन ठेवलं होतं. आपल्या गावचं पाणी सोडून दुसऱ्या गावचं पाणी प्यायलं, की शीर बिथरते.

या उत्तराची गंमत पाहा. कोणी लंगडत आला, की मामाजी विचारत, "काहून गा, बाहीरगावचं पानी पेलतास काय?" आता दारव्ह्याच्या बाजाराला कोण जात नाही? लग्नाला कोण जात नाही? तो माणूस आठवून आठवून म्हणे, "हो, बुढ्याच्या तेरवीले गेलतो, तठी पेलो." मामाजी आमच्याकडे वळून पाहत. गावात जितके जास्त पाय सुजत, तितकं मामाजींचं म्हणणं पक्कं होत जाई. आणि ते स्वतः कुठेही गेले तरी फिरकीचा तांब्या बरोबर नेत. आपल्या विहिरीचं पाणी, वर घट्ट झाकण. लग्नात पंगतीला बसले तरी यजमानाचं पाणी हात आडवा करून परत करत. लोक रुसत. मामाजी म्हणत, "म्या साऱ्या जिंदगीत दुसरं पानी पेलो नाई. मले झाला काय नारू?" झाला नव्हता, हे खरं होतं. मला त्याचाच संताप येई.

मग माझ्या कुसुमचा पाय सुजला. नऊ वर्षांची पोर. घोट्याशी फोड आला, रात्रंदिवस आग आग म्हणून रडायची. चौथीची परीक्षा तोंडावर. मामाजी रोज सकाळी तिला खांद्यावर घ्यायचे, शाळेत नेऊन बसवायचे आणि दुपारी तसेच खांद्यावर घेऊन घरी आणायचे. वाटेत तिला हसवायला गाढवाचा आवाज काढायचे. पासष्टीचा माणूस, धोतर खोचलेलं, खांद्यावर एवढी मोठी पोर. त्यांच्यावर रागावण्याची पूर्ण तयारी करून मी दारात उभी राहायची आणि ते दिसले की त्यांच्यासाठी पाणी आणायला आत वळायची. पण ओसरीवर तिला उतरवता उतरवता त्यांनी हळूच विचारलंच, "काय वं कुसे, यवतमाळले आत्याकडं गेलतीस तवा तठचं पानी पेलतीस ना?" पोर म्हणाली, "हो." मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी माझी भाकरी करपली.

त्याच महिन्यात आरोग्य खात्याचा एक माणूस सायकलवरून आला. बारीक, घामेजलेला, पण बोलायला नीट. त्यानं सांगितलं, की नारू ही शीर नाही, तो जंत आहे. नारू झालेला माणूस आग शमवायला पाय पाण्यात बुडवतो, तेव्हा जंताची पिल्लं पाण्यात पडतात, ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात, आणि ते पाणी प्यायलेल्या माणसाच्या अंगात वर्षभर वाढून पुढच्या उन्हाळ्यात बाहेर येतात. उपाय दोन. पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, आणि विहिरीच्या पायऱ्या बुजवून वर कठडा बांधा, म्हणजे कोणाचा पाय पाण्याला लागणार नाही. दार बंद करावं तितकं सोपं. मी आतून ऐकत होते, आणि मला त्या सायकलवाल्याला ओवाळावंसं वाटलं.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मागच्या सालचं पानी यंदा पायातून निघते म्हंता तुमी?"

"हो, साधारण वर्ष लागतं."

"मागच्या सालची भाकर यंदा पोटात दुखते काय, साहेब?"

सगळी ओसरी हसली. त्या माणसानं शहाणपणानं वाद घातला नाही. विहिरीतून पेलाभर पाणी आणवलं, पिशवीतून भिंग काढलं आणि पेल्यावर धरलं. पांढरे कण तुरुतुरु पळत होते. लोक एकावर एक वाकून पाहू लागले, दोन-चार जणांनी तोंड वाकडं केलं. मामाजींनी भिंग हातात घेतलं, नीट पाहिलं, मग ते बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी पेल्यात पाहिलं. पुन्हा भिंग लावलं, पुन्हा काढलं. आणि शांतपणे म्हणाले, "भिंग लावलं का किडे दिसते, भिंग काढलं का जाते. म्हंजे किडे भिंगात हायत. पुसून आना."

आणि तो पेला उचलून गटागटा पिऊन टाकला.

त्या क्षणी मी बाहेर आले. पदर होता का डोक्यावर, ते आठवत नाही. मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या हाताला पीठ होतं आणि हातात उलथनं होतं. मी मामेसासऱ्यांच्या समोर उभी राहून, कोणाच्याही मार्फत नाही, म्हणाले, "मामाजी, माझी पोर तिकडे तळमळते आहे. पुढच्या वर्षी तिचा दुसरा पाय जाईल. पायऱ्या बुजवा." सासूबाईंनी सवयीनं, "दादा, सूनबाई म्हंते..." असं सुरू केलं आणि थांबल्या. मामाजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "माह्या बापानं मानसाले पान्यापाशी जाता यावं म्हून पायऱ्या बांधल्या. म्या बुजू?" आणि उठून मळ्यात गेले.

विहीर त्यांची. त्यांच्या होकाराशिवाय कोणी दगड हलवणार नव्हतं. मी घरात लुगड्याचं दुहेरी फडकं लावून पाणी गाळायला सुरुवात केली, शेजारच्या बायकांना लावलं, घरोघरी जाऊन हंड्यांची तोंडं तपासली. काही घरांत गाळत, काही घरांत मी गेल्यावर फडकं लावत. वर्षभर मी आणि मामाजी एका छपराखाली जेवलो, पण मी वाढलं तरी ताटाकडे पाहून वाढलं. मला खरंच कळत नव्हतं. वेडा माणूस असता तर सोडून दिलं असतं. हा तर गावाच्या भावकीतले तंटे मिटवणारा, बैलाच्या नुसत्या चालीवरून त्याचं दुखणं ओळखणारा माणूस. डोळे होते, डोकं होतं. फक्त या एका गोष्टीपाशी आला की दोन्ही मिटून घ्यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात मामाजी लंगडायला लागले.

काटा मोडला, म्हणाले. मग म्हणाले, मोच आली. फडकं बांधलं आणि ते कोणाला सोडू देईनात. शेवटी ताप चढला तेव्हा मी सरळ जाऊन बसले आणि फडकं सोडलं. पोटरीवर तोच फोड, तोच पांढरा दोरा. मी पऱ्हाटीची काडी घेतली आणि गुंडाळायला लागले. आता खरं सांगते, मला आनंद झाला. वाईट आनंद, पण झाला. कारण आख्ख्या तालुक्यात दुसऱ्या गावच्या पाण्याचा थेंबही न प्यायलेला एकच माणूस होता, आणि नारू त्याच्याच पायातून निघत होता. याहून स्वच्छ पुरावा देवानंही दिला नसता. मी काडी फिरवत म्हणाले, "मामाजी, आता सांगा. बाहेरगावचं पाणी कुठे प्यायलात?"

त्यांनी नजर आढ्याकडे वळवली. मग म्हणाले, "दारव्ह्याले एका दुकानावर चाय पेलतो."

माझ्या हातातली काडी थांबली. "चहा?"

"चायमंदी पानीच राह्यते."

"मामाजी, चहाचं पाणी उकळतं. उकळल्यावर त्यात काय जिवंत राहतं?"

"मंग दूध असन."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मास्तर शाळेतून आले तेव्हाही मी बोलतच होते. तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात तूर निवडत बसलेल्या सासूबाई सूप बाजूला ठेवून, आखडलेला पाय ओढत, भावाच्या खाटेपाशी येऊन बसल्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "तू मले जत्रंले नेलतं, आठोते?"

मामाजींनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"तुह्या खांद्यावर बसून गेलती मी. तहान लागली म्हून रडली, तं तू मले तठच्या झऱ्याचं पानी पाजलं. घरी आलो, अन् आठ दिवसांत माहा गुडघा सुजला. माय म्हने, कायले बाहीरचं पानी पाजलं पोरीले. तवापासून तू तांब्या घेऊन फिरतं."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी काडी धरून तशीच बसले.

"तो सायकलवाला म्हने का साल लागते," सासूबाई म्हणाल्या. "आठ दिवसांत नाई होत. म्हंजे त्या झऱ्याच्या पान्यानं नाई झालं, दादा. तुह्यानं नाई झालं. उगाच घेऊन बसला तू इतके साल."

मला वाटलं, आता हा माणूस सुटला. आयुष्यभराचं ओझं बहिणीनं स्वतःच्या हातानं उतरवलं होतं. पण मामाजींनी मान वळवून तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्यांचं काही हिसकावून घेतलं होतं.

"मंग कोनं केलं, यमे?" ते म्हणाले. "बापानं?"

मी काडीला फडकं बांधलं आणि आत निघून गेले. चूल पेटवायची होती, आणि माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. वर्षभर मी त्यांना एक पाण्याची गोष्ट पटवून देत होते. ते मात्र स्वतःला गुन्हेगार ठरवून वडिलांना सोडवत बसले होते, आणि मी भिंग पुढे करत होते.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते खाटेवर नव्हते. नारूची आग उठली, की माणूस पाण्याकडे धावतो, हे गावात पोरालाही ठाऊक. मी तशीच विहिरीकडे पळाले. आता हा हट्टी म्हातारा तो पाय पाण्यात बुडवणार, आणि पुढच्या वर्षीची सगळ्या गावाची खाट आजच टाकून ठेवणार. काय काय बोलायचं ते मी वाटेत ओळीनं लावत गेले. मामाजी पायऱ्यांवर बसले होते. पाणी त्यांच्यापासून दोन पायऱ्या खाली. घामानं कपाळ चमकत होतं, ओठ दातांखाली धरलेला, आणि दुखरा पाय त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरला होता, हट्टी पोराला धरावं तसा. पाण्याला त्यांचा पाय लागला नव्हता. खालच्या पायऱ्या कोरड्या होत्या.

मी लावून आणलेलं सगळं विसरले. म्हणाले, "मामाजी, पाय पाण्यात नाही टाकला?"

"पानी थंड हाय," ते म्हणाले.

मी त्यांना हात दिला.

होकार त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही. पाय बरा झाल्यावर एका सकाळी फिरकीचा तांब्या घेऊन निघाले, म्हणाले, "दारव्ह्याले काम हाय. दोन-तीन दिस लागन." कसलं काम ते विचारायचं मी टाळलं. गवंडी आणि गावातले दहा-बारा गडी त्याच दुपारी बोलावले. ते परत आले तेव्हा पायऱ्या बुजल्या होत्या, वर कठडा आणि रहाट बसला होता. मामाजी कठड्याशी उभे राहून खाली पाहत राहिले. मग मला म्हणाले, आणि थेट म्हणाले, "दोर कोनाचा?"

"आपला," मी म्हणाले.

"तसं नाई चालत."

तेव्हापासून ते दर हिवाळ्यात अंबाडीचा दोर वळायला बसत. जाड, मऊ, हाताला न काचणारा. जुना झिजायच्या आत नवा रहाटावर चढलेला असे, आणि पोहरा त्यालाच बांधलेला. वाटसरू आला, तांडा आला, कोणीही आलं, तरी त्याला दोर मागावा लागला नाही. पायऱ्या का बुजवल्या असं कोणी विचारलं, तर मामाजी सांगत, की शेवाळावरून बायांचे पाय घसरत होते. मी आत असले तर मोठ्यानं खोकत असे.

मामाजी गेले त्याला आता दोन हिवाळे झाले. त्यांनी वळलेला शेवटचा दोर यंदा विरला, मी बाजारातून आणवलेला लावला आहे, तो हाताला काचतो. गावात पेरणीच्या दिवसांत आता फडकं बांधलेला पाय दिसत नाही. कुसुम शिकायला यवतमाळला असते आणि तिथलं पाणी पिते. परवा विहिरीवर उभी होते तेव्हा एकदम मनात आलं, की हे सगळं पाहून मामाजी काय म्हणाले असते ते मला अगदी शब्दाशब्दानं ठाऊक आहे. सुपारी कातरत, मान हलवत म्हणाले असते, "पाह्य सूनबाई, एकाले तरी नारू झाला काय? म्या म्हंतच होतो, आपल्या पान्यात काई नाई."

मला इतका राग आला, की मी कठड्यावर हात आपटला. मग पोहरा भरून वर ओढला आणि उत्तर द्यायला ओसरीकडे वळले.